शुक्रवारची रिक्षा

आमच्या गोडाऊनमध्ये कुणाला साधी शिंक आली तरी लांबून आवाज यायचा, "अजून कोणाला सर्दी आहे? हात वर करा."

हा आवाज आमच्या शिफ्ट इन्चार्जचा. लोक घरबसल्या मोबाईलवरून जे काय मागवतात त्या सामानाचं दापोड्यातलं ते गोडाऊन, आणि मी तिथं पॅकिंगला होते. हजेरी, रजा, उशीर, भांडणं असलं सगळं सरांकडं. वय पस्तिशीच्या पुढं, पोट सुटलेलं नाही पण सुटायच्या तयारीत, खिशाला पेन आणि पायात बारा महिने रबरी चप्पल. गोडाऊनमध्ये बूट घालायचा नियम होता. तो नियम रोज सकाळी ओळीत उभं करून सांगणारे सरच, आणि तो सांगताना पायात चप्पल असलेलेही सरच.

सर समाजशास्त्राचे एम.ए. कॉलेजात शिकवायची फार हौस, पण नोकरी मिळाली नाही. त्याचं दुःख मात्र त्यांनी कधी केलं नाही. "माझ्या वर्गातल्या कुणालाच मिळाली नाही," असं ते अगदी समाधानानं सांगायचे. "मला एकट्याला मिळाली नसती तर रडलो असतो." पाठीमागं सगळे त्यांना 'समाज' म्हणायचे. "आज समाज रजेवर आहे" असं कुणी म्हटलं की नवीन भरती झालेली पोरं येड्यासारखी एकमेकांकडं बघायची.

जगात कुठलीही गोष्ट एकट्या माणसाची नसते, असं त्यांचं ठाम मत होतं. तुमचं काही दुखलं, बिनसलं, हरवलं, की ते आधी तुमच्याकडं न बघता बाकीच्यांकडं बघायचे. एकदा मी पाठ धरून बसले होते. सर आले आणि मला "काय झालं" असं न विचारता ओळीला म्हणाले, "पाठ कोणाकोणाची दुखते? हात वर करा." आमच्या टेबलावरच्या झाडून सगळ्या बायकांचे हात वर. तोवर प्रत्येक बाई आपापल्या घरी गुपचूप बाम चोळून घेत होती आणि आपलंच वय झालं असं समजत होती. सरांनी टेबलाकडं पाहिलं, वाकून पाहिलं, मग बाहेर जाऊन विटा आणल्या आणि टेबलाच्या चारी पायांखाली ठेवल्या. दुखणं गेलं. बाम विकणारा मेडिकलवाला तेवढा नाराज झाला असेल.

कधी हे अंगाशीही यायचं. लोडिंगच्या एका पोराला त्याच्या मैत्रिणीनं सोडलं, तो कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. सरांनी भर जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "अजून कोणाकोणाला सोडलंय? हात वर करा." पोरगा रडायचाच बाकी होता. पण अर्ध्या लोडिंगचे हात वर गेले, त्यात वॉचमन काकांचाही होता, आणि वॉचमन काकांचा हात बघून तो पोरगा इतका हसला की त्याला ठसका लागला.

हात मोजून झाले की सर त्या गोष्टीला एक शब्द चिकटवायचे. कामावर असताना पोराच्या शाळेतून फोन आला आणि एखादी बाई घाबरीघुबरी झाली, की म्हणायचे, "याला भूमिकासंघर्ष म्हणतात." सुटताना गेटवर वॉचमन काका आमच्या पिशव्या तपासायचे पण मॅनेजर साहेबांच्या गाडीला सलाम ठोकायचे, तेव्हा सर म्हणायचे, "याला स्तरीकरण म्हणतात." शब्दानं काही फरक पडायचा नाही, पिशव्या तशाच तपासल्या जायच्या. पण आपल्यासाठी पुस्तकात एक शब्द आहे, या विचारानं का कोण जाणे, बरं वाटायचं. "सर, याला काय म्हणतात?" असं विचारायची आम्हालाही सवय लागली होती, आणि सरांकडं शब्द नाही असं कधी झालं नाही.

सर खुद्द दापोड्याचे. आमचं गोडाऊन ज्या जमिनीवर उभं होतं ती जमीन त्यांच्या घरची. घरात भाडं यायचं, धाकटा भाऊ गळ्यात साखळी घालून मोठ्या गाडीतून फिरायचा, आणि सर त्याच गोडाऊनमध्ये भाडेकरूचे नोकर. त्यांच्या आईला हे अजिबात पटत नसे. एकदा त्यांचा डबा विसरला म्हणून ती माऊली स्वतः गेटवर आली आणि आम्हा पोरींजवळ मन मोकळं करून गेली. "देवानं सगला दिलाय. आन यो डबा घेऊन कामाला जातो. लोका विचारतान, तुजा पोर्‍या रुसलाय कं घरान?" डब्यात तांदळाची भाकरी आणि खाडीची कोलंबी होती. सर जेवायला रोज वेगळ्या माणसाशेजारी बसायचे आणि अर्धी कोलंबी त्याच्या डब्यात ढकलून "तुमच्याकडं भाकऱ्या कोण भाजतं?" इथपासून सुरुवात करायचे.

पॅकिंगची मोठी मोकळी जागा सर कधी सरळ ओलांडायचे नाहीत. कितीही घाई असो, एका ठराविक ठिकाणी डावीकडं वळायचे, कडेकडेनं चालायचे, मग पुन्हा उजवीकडं. आम्हाला वाटायचं, फरशी ओली असेल. एकदा विचारलंच. तर म्हणाले, "इथं बांध होता. मधनं गेलो की भात तुडवलं म्हणून वडील ओरडायचे." खाली काँक्रीट, वर पत्रे, भोवती खोक्यांचे डोंगर, आणि हा माणूस नसलेल्या भाताला जपून चालायचा. मला ते सर तेव्हापासून फार आवडायला लागले, हे सांगून टाकते.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. का, तर त्याचंही त्यांच्याकडं स्पष्टीकरण होतं. "मुलीचा बाप विचारतो, गोडाऊनचे गाळे आहेत का? आहेत म्हटलं की विचारतो, मग नोकरी कशाला करतोस? नोकरी करतो म्हणजे घरात काहीतरी भानगड आहे. यात माझा दोष कुठं?" गावातल्या एका हळदीत तर त्यांनी कहर केला. डीजे चालू, सगळं गाव नाचतंय, आणि सरांनी मधेच माईक घेऊन विचारलं, "तिशी उलटून लग्न न झालेले किती जण आहेत? हात वर करा." नाचणाऱ्यांचे हात आधीच वर होते. सरांना एवढे हात बघून आनंद झाला, आणि नवरदेवाच्या बापानं त्यांच्या हातातला माईक हिसकावून घेतला. ही हकीकत त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितली, तीही अगदी गंभीर चेहऱ्यानं.

तर असे हे सर, आणि त्यांच्यामुळं माझी नोकरी कशी वाचली ते सांगायचं आहे.

माझं गाव पडघ्याच्या आत. कामासाठी मी भिवंडीत मामाकडं राहायचे, धामणकर नाक्यामागच्या गल्लीत. बाबांनी पाठवलं ते एकाच अटीवर, की मामाच्या नजरेखाली राहायचं आणि काम सोडून कुठं जायचं नाही. मी बाहेरून बी.ए. करत होते, शेवटचं वर्ष होतं. नोकरी सुटली की गावी परत, आणि गावी परत म्हणजे पोहे आणि पाहुणे, हे मला पक्कं ठाऊक होतं. परीक्षा मग कुणी दिली असती?

मामा कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम बिघडला की तो चालू करून देणारा. रोज सकाळी आम्ही दोघं बरोबरच निघायचो. नाक्यावर शेअर रिक्षा, मामा नारपोलीला उतरायचा आणि मी पुढं दापोड्याला. रिक्षात बसायचं, की सुटलीच. फक्त शुक्रवारी मी एकटी जायचे, कारण मामाला सुट्टी.

आणि फक्त शुक्रवारीच मला उशीर व्हायचा.

घरातून मी रोजच्याच वेळेला निघायचे. पण शुक्रवारी रिक्षा भरायचीच नाही. मी मागं बसून राहायचे, रिक्षावाला "अंजूरफाटा, दापोडा" ओरडत राहायचा, आणि चौथी सवारी येईपर्यंत जागचा हलायचा नाही. एकटीनं सगळी रिक्षा करणं मला परवडणारं नव्हतं. गोडाऊनला पोचेपर्यंत गेट बंद. मॅनेजर साहेब ठाण्याहून स्वतःच्या गाडीनं यायचे. त्यांना सांगितलं, "रिक्षा भरली नाही." ते म्हणाले, "रोज भरते आणि शुक्रवारीच भरत नाही? तुझ्या रिक्षाचा उपवास असतो का?" सगळे हसले. मलाही ते कारण ऐकताना खोटंच वाटलं. मामा बरोबर नाही म्हणून शुक्रवारी मीच रेंगाळत असेन, आपल्यालाच शिस्त नाही, असं माझं मत व्हायला लागलं होतं.

असे काही शुक्रवार गेल्यावर एका सोमवारी साहेबांनी कामाच्या अर्जावरच्या नंबरवर फोन लावला. तो नंबर मामाचा. त्या दिवशी घरी गेले तर मामीनं माझ्याकडं न बघता ताट वाढलं.

मामा म्हणाला, "घरातना टायमावर निंगतं. थय टायमावर पोचत न्हाय. मधी कुठं जातंस?"

"कुठं नाही रे मामा. रिक्षा भरत नाही."

"मना शिकवतंस? मी रोज जातो ना त्याच रिक्षानं! बसलो का सुटतं." त्याचं म्हणणं खरंच होतं, हीच तर अडचण. "कोन पोर्‍या हाय तं आत्ताच सांग. आयतवारी तुजा बाबा येतोय, त्याच्यासमोर मना खाली मान घालाया लावू नको."

मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. पोरगा असता तर निदान रडायला काही कारण तरी झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सरांनी नेहमीप्रमाणं माझ्याकडं न बघता ओळीकडं बघितलं. "शुक्रवारी उशीर कोणाकोणाला होतो? हात वर करा." नाक्याकडून येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले. माझी मान पहिल्यांदा जरा वर झाली. बाकीच्यांच्या घरी साहेबांनी अजून फोन लावला नव्हता, एवढंच. पण कारण काय, ते सरांनाही कळेना. आधी त्यांना वाटलं, बायका शुक्रवारी उपास करतात, देवपूजेत वेळ जात असेल. त्यांनी चौकशी केली तर उपास करणारी एकच निघाली, आणि तिलाच उशीर होत नव्हता. मग त्यांना वाटलं, ट्रॅफिक. पण उलट शुक्रवारी रस्ता मोकळा असतो, असं ड्रायव्हर लोक म्हणाले. सर अस्वस्थ झाले. पुस्तकात शब्द असून तो कुठं लावायचा ते कळत नाही, म्हणजे त्यांना फारच लागलं. आणि ते स्वतः दापोड्याचे, चालत कामाला येणारे. सकाळी नाक्याला जायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

शुक्रवारी मी नाक्यावर पोचले तर रिक्षात मागं सर बसलेले. मांडीवर डबा. एका ट्रकवाल्याबरोबर ते मुद्दाम दापोड्याहून उलटे आले होते.

"बस," म्हणाले. "बघू कशी भरत नाही ते."

आम्ही बसलो. बसून राहिलो. सरांनी आजूबाजूला बघितलं, घड्याळ बघितलं, माझ्याकडं बघितलं. "रोज असंच?"

"रोज बसलो की सुटते, सर."

शेवटी त्यांनी बाहेर डोकं काढलं. "भाई, आज गाडी क्यों नहीं भर रही?"

रिक्षावाल्यानं त्यांच्याकडं असं बघितलं, की हा माणूस कुठल्या गावाहून आलाय. "जुम्मा है ना. कारखाना बंद. लूमवाले घर पे सोये पड़े हैं, सवारी क्या मैं बिस्तर से उठाके लाऊँ?"

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मग माझ्याकडं वळले, आणि लॉटरी लागल्यावर माणूस हसेल तसे हसले.

मला तर माझीच कमाल वाटली. शुक्रवारी लूम बंद हे भिवंडीत कोणाला माहीत नाही? मामा शुक्रवारी दुपारपर्यंत घोरतो, गल्लीतल्या सगळ्या मोऱ्यांवर कपडे धुवायची गर्दी होते, कारखान्यांची खडखड थांबते म्हणून कान मोकळे होतात. हे सगळं मी माझ्याच डोळ्यांनी बघत होते. पण मामाच्या घोरण्याचा आणि माझ्या उशिराचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अर्थातच आम्हा दोघांना उशीर झाला. सर आयुष्यात पहिल्यांदा उशिरा आले होते आणि त्यांचा आनंद पोटात मावत नव्हता. गेटमधून ते ओरडतच शिरले, "साहेब, मला उशीर झाला! मलासुद्धा झाला!" साहेबांना वाटलं, ऊन लागलं असेल. सरांनी त्यांना तिथंच उभं करून लूम, जुम्मा, सवारी आणि समाजव्यवस्था हे सगळं समजावलं, आणि शुक्रवारची शिफ्ट अर्धा तास उशिरा सुरू करा अशी मागणी केली. साहेब म्हणाले, "हेड ऑफिसला विचारतो." हेड ऑफिस फार लांबच्या शहरात होतं आणि तिथं लूम म्हणजे काय हे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. साहेब मला म्हणाले, "उत्तर येईपर्यंत नियम तोच. पुढच्या शुक्रवारी उशीर झाला तर येऊच नकोस."

संध्याकाळी सर आमच्या गल्लीत आले. माझ्या मामाला सगळं नीट समजावून सांगणं हे त्यांना त्यांचं काम वाटत होतं. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं नाही म्हणून आईकडून सुक्या बोंबलांची पुडी आणली होती. मामा दारातच बसला होता. समोर घामाघूम झालेला, बिनलग्नाचा दिसणारा माणूस, हातात पुडी, आणि भाचीचं नाव घेऊन घर विचारतोय. मामाचा चेहरा बदलला.

"तुमीच कं ते?" मामानं विचारलं.

"हो, मीच," सर आनंदानं म्हणाले. "आज सकाळी आम्ही दोघं किती तरी वेळ रिक्षात बसून होतो."

मामा उठून उभा राहिला. आत मामीच्या हातातलं भांडं पडलं. मी मधे धावले आणि एका दमात सांगितलं, की हे माझे सर, कामावरचे इन्चार्ज, आणि हे फक्त रिक्षा बघायला आले होते. मामानं सरांना नखशिखांत न्याहाळलं. पायातली रबरी चप्पल बघून बहुधा त्याची खात्री पटली. "बसा," म्हणाला.

सर बसले आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. "तुमचा कारखाना शुक्रवारी बंद?"

"बंद."

"म्हणजे सकाळी तुम्ही नाक्यावर नसता."

"कशाला ऱ्हाईन? झोपलेला असतो."

"तुमच्या कारखान्यातले बाकीचे?"

"तेबी झोपलेले."

"शेजारच्या कारखान्यातले?"

मामा उत्तर द्यायला गेला आणि थांबला. गल्लीकडं बघायला लागला. समोरच्या ओट्यावर दोघं-तिघं लूमवाले दिवसभराच्या झोपेनं सुजलेल्या तोंडांनी चहा पीत बसले होते. मामानं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"म्हंजे," तो हळू म्हणाला, "पोरीला उशीर माझ्यामुलं होतं?"

सर घाबरलेच. "नाही, नाही! तुमचा काही दोष नाही. तिचाही नाही, तुमचाही नाही. ही सगळी व्यवस्था आहे, यात एकटा माणूस..."

"वेवस्था ऱ्हाऊंद्या," मामा म्हणाला. "भाची माजी हाय."

रविवारी बाबा आले. मामानं त्यांना बोंबलाचं कालवण वाढलं आणि पोरगी इथंच राहणार एवढंच सांगितलं. माझ्याशी मात्र तो आठवडाभर फारसं बोलला नाही. मला शुक्रवारची धास्ती होतीच. दोष कुणाचाही नाही हे सगळ्यांना पटलं होतं, पण त्यानं रिक्षा कशी भरणार?

शुक्रवारी उठले तर मामाचं अंथरूण रिकामं. मी धावतपळत नाक्यावर गेले. रिक्षात मामा बसला होता. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून. शेजारी आणि पुढं ड्रायव्हरजवळ आमच्या गल्लीतले ते दोघे लूमवाले, डोळे अर्धवट मिटलेले, मामाला शिव्या देत जांभया देणारे. एक जागा तेवढी मोकळी ठेवली होती.

"बस," मामा म्हणाला. "मंगाशी रिक्षावाला दुसरी सवारी बसवाया बघत होता, तुजी जागा धरून ठेवलंय."

रिक्षावाला गोंधळलेला. "चाचा, आज तो छुट्टी है ना?"

"छुट्टी है, इसीलिए बैठा हूँ," मामा म्हणाला. "चल, पोरीला उशीर होतंय."

मी बसले आणि रिक्षा लगेच सुटली. नारपोली आली, मामा उतरला नाही. अंजूरफाट्याला ते तिघं उतरले आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले. तिथून ते उलट्या रिक्षानं घरी जाऊन पुन्हा झोपणार होते. मी मागं वळून बघत राहिले. मामानं हात केला नाही, तो चहात पाव बुडवत होता.

परीक्षा होऊन मी ते काम सोडेपर्यंत मामानं एक शुक्रवार चुकवला नाही. हेड ऑफिसचं उत्तर अजून यायचंय.

त्या पहिल्या शुक्रवारी गेटवर मला वेळेत आलेली बघून सर जागच्या जागी थांबले. मी सगळं सांगितलं, मामा, शर्ट, जांभया देणारे ते दोघे, टपरी. सर खिशातलं पेन काढून उगाच बघत राहिले.

"सर," मी विचारलं, "याला काय म्हणतात?"

त्यांनी खूप विचार केला. एवढा वेळ त्यांना कधीच लागला नव्हता.

"याला मामा म्हणतात," ते म्हणाले, आणि नसलेल्या बांधाच्या कडेकडेनं हजेरी घ्यायला निघून गेले.